साक्षीदाराचा भत्ता : एक रेंगाळलेले देणे

(खंडाळा, जि. सातारा येथे पोलीस पाटील, सरपंच आणि तंटामुक्त गाव समित्यांचे सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती खात्याचा माणूस आपल्यापुढे उभा राहिला म्हणजे तो एखाद्या योजनेविषयी बोलणार, असा आपला समज होणे साहजिक आहे. विहिरी, पीकविमा, शिष्यवृत्त्या, घरकुले हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय मात्र कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेत सापडणार नाही. फौजदारी खटल्यात साक्ष द्यावयास गेलेल्या माणसाचा जो खर्च होतो तो त्याला परत मिळण्यास विलंब का लागतो, आणि पुष्कळदा तो मिळतच का नाही, याविषयी मी बोलणार आहे.

हा विषय खंडाळ्यात काढण्यास कारण आहे. पुण्याहून येणारा महामार्ग, पूर्वीचा चार क्रमांकाचा आणि आताचा अठ्ठेचाळीस क्रमांकाचा, शिरवळपाशी नीरा ओलांडून आपल्या तालुक्यात शिरतो आणि पारगाव-खंडाळ्यावरून खंबाटकी घाटाला भिडतो. या रस्त्याने तालुक्यात कारखाने आणले, रोजगार आणला, आणि अपघातही आणले. १० एप्रिल २०१८ रोजी कर्नाटकातून शिरवळकडे कामासाठी निघालेल्या मजुरांचा टेम्पो बोगद्यापुढील वळणावर उलटला आणि त्यात अनेक मजूर प्राणास मुकले, हे आपण विसरला नसाल. अपघात घडला की पंचनामा आला, पंचनामा आला की पंच आले, आणि पंच आले की पुढे कधीतरी न्यायालयाचे समन्स आले. अपघातग्रस्त वाहन कोणत्याही जिल्ह्याचे असो, परराज्याचे असो, पंच म्हणून सही करणारा माणूस बहुधा आपल्याच एखाद्या गावचा असतो. रस्त्याच्या कडेला पंक्चरचे दुकान असलेला, चहाची टपरी चालविणारा, किंवा नुसता गर्दीत पुढे उभा असलेला. अशा माणसाच्या वाट्याला साक्षीदारपण किती वेळा येते, हे पोलीस पाटलांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

कायद्याची बाजू प्रथम सांगतो, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत. साक्षीदाराला सरकार पैसे देते म्हणजे साक्षीचा मोबदला देते, असे काहींना वाटते. तसे नाही. साक्ष विकत घेता येत नाही, आणि साक्षीचा मोबदला घेणारा साक्षीदार आरोपीच्या वकिलाने एका प्रश्नात उघडा पाडलाच म्हणून समजा. येथे प्रश्न आहे तो खर्चाच्या भरपाईचा. न्यायालयाच्या आज्ञेवरून माणूस घर सोडून गेला, त्यासाठी त्याच्या खिशातून जे गेले, ते त्याला परत करणे एवढाच याचा अर्थ आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १८९८ मध्ये कलम ५४४ अन्वये ही तरतूद होती. १९७३ च्या संहितेत ती कलम ३१२ झाली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५० या क्रमांकाने आली आहे. क्रमांक बदलले, शब्द जवळजवळ तेच राहिले. राज्य शासनाने केलेल्या नियमांच्या अधीन राहून, फौजदारी न्यायालयास योग्य वाटल्यास, फिर्यादीचा किंवा साक्षीदाराचा वाजवी खर्च शासनाने द्यावा, असा आदेश ते न्यायालय करू शकते. यातील ‘योग्य वाटल्यास’ हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. आदेश झाला तर पैसे. आदेश मागितलाच नाही, किंवा कामाच्या गर्दीत राहून गेला, तर साक्षीदाराने कोणाच्या दारात जावे याचे उत्तर या कलमात नाही.

आता दिवाणी दाव्याची रीत पाहा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील सोळाव्या आदेशात अशी व्यवस्था आहे की, ज्या पक्षकाराला साक्षीदार बोलवावयाचा असेल त्याने साक्षीदाराच्या जाण्यायेण्याचा आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च अगोदर न्यायालयात भरावयाचा. तो भरला नाही तर समन्स निघत नाही. आणि बेलिफ समन्स घेऊन साक्षीदाराच्या हाती देतो तेव्हा ती रक्कमही त्याच वेळी पुढे करावयाची असते. म्हणजे दिवाणीत पैसा साक्षीदाराच्या आधी निघतो. फौजदारीत साक्षीदार पैशाच्या आधी निघतो, आणि पैसा केव्हा पोहोचेल हे दैवावर अवलंबून राहते.

दोन्ही समन्सांचे कायद्याने ठरविलेले नमुने मी एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचले. दिवाणी समन्साच्या नमुन्यात, तुमच्या प्रवासाचा व एका दिवसाच्या निर्वाहाचा खर्च म्हणून इतकी रक्कम यासोबत पाठविली आहे, अशी स्वतंत्र ओळ आहे. १९७३ च्या फौजदारी संहितेला जोडलेल्या साक्षीदाराच्या समन्सात तारीख होती, वेळ होती, परवानगीवाचून न्यायालय सोडू नये अशी ताकीद होती, आणि सबळ कारणाशिवाय न आल्यास वॉरंट काढले जाईल असा इशारा होता. खर्चाविषयी एक अक्षरही नव्हते. त्याच संहितेच्या कलम ३५० अन्वये गैरहजर साक्षीदारास शंभर रुपयांपर्यंत दंड करता येत असे. खेड्यातील माणसाच्या हाती हा कागद पडतो तेव्हा त्याला वॉरंट हा शब्द तेवढा कळतो. आपल्याला यात काही मिळावयाचे असते, हे त्याला कोण सांगणार?

परिणाम काय होतो, याची एक मोजदाद उपलब्ध आहे. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८० मध्ये दिलेल्या आपल्या चौथ्या अहवालात एका राज्यातील अठरा दंडाधिकारी न्यायालयांच्या नमुना पाहणीचा उल्लेख केला आहे. त्या पाहणीच्या काळात या न्यायालयांत ९६,८१५ साक्षीदार हजर राहिले होते. त्यांपैकी काही ना काही भत्ता मिळाला तो ६,६९७ जणांना. शंभरांत पुरते सातही नव्हेत. आणि ज्यांना मिळाला त्यांनाही त्यासाठी लांबलचक कागदी सोपस्कारांतून जावे लागले. पाहणी कोणत्या राज्याची होती याला येथे महत्त्व नाही. हे आकडे जुने आहेत हेही मी मान्य करतो. परंतु उरलेल्या नव्वद हजारांहून अधिक माणसांनी न्यायालयाला जे दिले ते पदरमोड करून दिले, आणि त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही, ही गोष्ट आकडे जुने झाले म्हणून जुनी होत नाही. याच अहवालात एका जिल्हा न्यायाधीशाच्या पत्राचा आधार घेऊन म्हटले आहे की, कैदी निदान स्वतःच्या काही कृत्यामुळे भोगतो. साक्षीदार मात्र गुन्हा घडला त्या ठिकाणी तो होता आणि पोलीस येईपर्यंत तेथे थांबला, एवढ्याच अपराधासाठी भोगतो.

त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात साक्षीदारांना बसावयास जागा नसणे आणि प्रवासखर्चाचे व दैनिक भत्त्याचे तुटपुंजे दर यांचा विचार केला होता. १९९६ च्या अहवालात विधी आयोगाने पुन्हा हाच विषय घेतला. २००३ मध्ये न्यायमूर्ती मळीमठ समितीने साक्षीदाराला न्यायालयाचा मानाचा पाहुणा समजावे, असे सुचविले. समित्यांच्या अहवालांत साक्षीदाराचा मान वाढत गेला आहे यात शंका नाही.

विलंब कोठे होतो

प्रत्यक्षात पैसा अडतो कोठे? कोणी मुद्दाम अडवितो असे मी म्हणणार नाही. तसे असते तर उपाय सोपा होता. अडचण अशी आहे की ही रक्कम चार हातांतून जाते आणि त्यांतील एकाही हाताला तिची निकड नसते.

साक्षीदार सकाळी अकराला हजर होतो. त्याचा पुकारा दुपारी होतो, कधी होतच नाही. साक्ष झाली तर ती चारसाडेचारला आटोपते. तोवर पैशांचा हिशेब पाहणारा नाझर दिवसाचा जमाखर्च मिटविण्याच्या तयारीत असतो. भत्त्यासाठी न्यायाधीशांचा आदेश हवा, शिरस्तेदाराची नोंद हवी, अंतराचा पुरावा हवा, ओळख पटविणारा कागद हवा, पावतीवर सही किंवा अंगठा हवा. यांतील एकही गोष्ट गैरवाजवी नाही. सरकारी पैसा आहे, त्याचा हिशेब चोख हवाच. पण या पाच गोष्टी एका तासात जुळवून आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली जाते, तो त्या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदा आलेला असतो आणि त्याची शेवटची एस.टी. सहा वाजता असते. तो एस.टी. पकडतो. तेथेच त्या भत्त्याचा निकाल लागतो.

दुसरी अडचण अनुदानाची. साक्षीदारांच्या भत्त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद असते. ती वर्षाच्या प्रारंभी अंदाजाने केलेली असते. एखाद्या वर्षी मोठे खटले सुनावणीस आले, साक्षीदारांची संख्या वाढली, की तरतूद आधीच संपते. मग पुढील रक्कम मागवावयाची, ती मंजूर व्हावयाची, कोषागारातून देयक पारित व्हावयाचे. कार्यालयाच्या किरकोळ खर्चासाठी ठेवलेला अग्रिम असतो, पण तोही खर्ची पडला म्हणजे त्याची भरपाई कोषागारातून आल्याशिवाय पुढे देता येत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे सर्व स्वाभाविक वाटते. फेब्रुवारीत साक्ष दिलेल्या शेतमजुराला, तुझे पैसे नव्या आर्थिक वर्षात येतील, असे सांगून पाहावे. आर्थिक वर्ष म्हणजे काय, हे तो विचारणार नाही. तो पुढच्या वेळी साक्षीला येणार नाही.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी आहे. साक्ष झाली नाही तर भत्ता कसला, अशी एक समजूत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. ती चूक आहे. स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली साक्षीदारांच्या हालअपेष्टांचे स्पष्ट शब्दांत वर्णन केले. त्याला बसावयास जागा नाही, प्यावयास पाणी नाही, दिवसभर थांबून तारीख पडल्याचे कळते, हे सर्व न्यायालयाने नमूद केले. आणि साक्ष झाली असो वा तारीख पडली असो, हजर राहिलेल्या साक्षीदारास त्याचा भत्ता ताबडतोब मिळाला पाहिजे, असे सांगितले. साक्षीदार हजर असताना विशेष कारण लेखी नमूद केल्याशिवाय तारीख देऊ नये, असे संहितेतच आहे. नव्या संहितेत हे कलम ३४६ आहे. ज्या पक्षाने तारीख मागितली त्याच्यावर खर्च बसविण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. हा अधिकार अधिक वेळा वापरला गेला तर तारखा मागणाऱ्यांचा उत्साह किती टिकेल, याचा विचार वकील मंडळींनी करावा.

हे सारे एका माणसाच्या जीवनात कसे उतरते ते सांगतो. लोणंद बाजूच्या एका गावातील कांदा काढणीला जाणारी एक बाई. शेजारच्या घरातील मारहाण तिने पाहिली होती. जबाब दिला, सही केली. त्यानंतर तिला चार वेळा न्यायालयात जावे लागले. पहिल्या वेळी आरोपीचे वकील आजारी होते. दुसऱ्या वेळी न्यायाधीश रजेवर होते. तिसऱ्या वेळी तिच्या आधीच्या साक्षीदाराची उलटतपासणी संध्याकाळपर्यंत चालली. चौथ्या वेळी साक्ष झाली. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्यामुळे तिचा प्रवासखर्च फार झाला नाही. हे एक बरे झाले. पण बुडालेली मजुरी कोणत्या तिकिटावर लिहिलेली नसते. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरविण्यात आली होती. तो दर धरला तरी चार दिवसांचे १,२४८ रुपये होतात, आणि काढणीच्या हंगामात बाईला रोज त्याहून अधिक मिळतो. तिला काय मिळाले? काही नाही. तिने मागितले नाही, आणि मागावयाचे असते हे तिला कोणी सांगितले नाही. मी तिला विचारले की पुन्हा असे काही दिसले तर काय कराल. ती म्हणाली, “साहेब, दार लावून घेईन.”

मंडळी, खटला पडतो तो येथे. आरोपी निर्दोष सुटला की आपण पोलिसांना नावे ठेवतो, सरकारी वकिलाला ठेवतो, कायद्याला ठेवतो. साक्षीदार फितूर झाला असे वर्तमानपत्रात येते. धाकाने किंवा पैशाने फितूर होणारे असतातच. त्यांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, आणि नव्या संहितेच्या कलम ३९८ अन्वये प्रत्येक राज्याने अशी योजना करणे आवश्यक झाले आहे. पण धाक नाही, लाच नाही, नुसता कंटाळा आलेला साक्षीदार या योजनेत बसत नाही. तो समन्स चुकवितो. गावी नाही असे घरून सांगितले जाते. आणि पाचव्या वेळी हजर झालाच, तर आता काही आठवत नाही म्हणून मोकळा होतो. त्याच्यामागे ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस उभा असतो, त्याचा विचार कोणी करावयाचा?

पंचांची गोष्ट आणखी वेगळी आहे. वर ज्या पंक्चरवाल्याचा उल्लेख केला, तसा माणूस वळणापाशी दुकान असल्यामुळे पंचनाम्यावर पुनःपुन्हा सह्या करतो. दुकान बंद ठेवून तारखेला जातो. आणि तेथे आरोपीचा वकील त्याला, तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच आहात ना, असे विचारून त्याच्या साक्षीची किंमत कमी करतो. पैसे गेले ते गेलेच, वर हा शिक्का. याला उपाय पोलीस पाटलांच्याच हाती आहे. पंच म्हणून नेहमी तीच दोन माणसे पुढे करू नयेत.

याउलट शासकीय नोकर साक्षीला जातो तेव्हा तो कामावर आहे असेच धरले जाते. डॉक्टर, तलाठी, अभियंता यांना न्यायालयाचे हजेरीचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर आपल्या खात्याकडून प्रवासभत्ता घेता येतो. पगारही चालू असतो. मी स्वतः शासकीय नोकर आहे, म्हणून ही सोय काढून घ्यावी असे म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की, ज्याचा पगार चालू आहे त्याच्या खर्चाची व्यवस्था पक्की, आणि ज्याची चूल त्या दिवशीच्या मजुरीवर पेटते त्याच्या खर्चाची व्यवस्था ‘योग्य वाटल्यास’, हा क्रम उलटा आहे. इंग्रजी अमलात तर अनेक प्रांतांच्या नियमांत साक्षीदाराच्या सामाजिक दर्जाप्रमाणे भत्त्याचे दर वेगळे असत. मोठ्या माणसाचा दिवस महाग, मजुराचा स्वस्त.

विलंबाची किंमत असते ही कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही. महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा करून देशाला वाट दाखविली. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात मजुरी पंधरवड्याच्या आत द्यावी असे बंधन घालण्यात आले होते, आणि सोळाव्या दिवसानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी थकलेल्या मजुरीवर भरपाई देण्याची तरतूद करण्यात आली होती. आपल्या राज्याच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्याने शासकीय कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे ठरविले. खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला मुदत घालता येते, फाईलीला मुदत घालता येते, तर साक्षीदाराच्या भत्त्याला ती घालणे अशक्य का असावे, हे मला कळत नाही. माझ्या मते साक्ष झाली त्या दिवशी, आणि फारच अडचण असेल तर सात दिवसांत बँकेच्या खात्यावर, एवढे बंधन नियमांत असावयास हवे. आज बहुतेक माणसांचे खाते आहे. समन्स बजावतानाच खात्याचा क्रमांक लिहून घेतला तर नाझराच्या खिडकीपाशी उभे राहण्याचे कारणच उरणार नाही.

न्यायालय जवळ आणणे हा यावर आणखी एक मार्ग. सातारा जिल्ह्याला याची एक आठवण आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली. निवाडा गावात होई, साक्षीदार गावातलाच असे, आणि त्याला भाड्यापोटी एक पैसा खर्चावा लागत नसे. त्या निवाड्यांत आरोपीला आजच्यासारखे संरक्षण नव्हते, आणि ते दिवस युद्धाचे होते. ती पद्धत जशीच्या तशी आज चालणार नाही. परंतु २००८ च्या ग्राम न्यायालय अधिनियमात न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावोगाव जाऊन काम चालवावे असे जे म्हटले आहे, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. दूरदृश्य प्रणालीवरून साक्ष घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच, महाराष्ट्रातीलच डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या प्रकरणात, मान्यता दिली होती. नव्या संहितेने तर साक्षीदारांची तपासणी इलेक्ट्रॉनिक साधनांनी करण्याची मोकळीक दिली आहे. महामार्गावरील अपघाताचा साक्षीदार विजापूरकडील किंवा कोल्हापूरकडील असेल तर त्याला येथवर ओढत आणण्यापूर्वी हा मार्ग सुचविता येतो. आपल्या खंडाळ्याच्या किंवा शिरवळच्या माणसाला सत्र खटल्यासाठी घाट ओलांडावा लागतो आणि घाटात एखादा मालट्रक बंद पडला की त्याचा पुकारा चुकतो, तेव्हा त्याच्याही बाबतीत तशी विनंती करता येईल. विनंती मान्य करणे न करणे न्यायालयाकडे आहे.

आता आपल्याला काय करता येईल ते सांगतो आणि थांबतो.

समन्स गावात येते तेव्हा पोलीस पाटलाला ते बहुधा कळते. त्या वेळी साक्षीदाराला जवळ बसवून सांगावे की, भत्ता मागणे हे भीक मागणे नव्हे. त्याने आधारकार्डाची प्रत, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि प्रवासाची तिकिटे जवळ ठेवावीत. तिकीट फेकून देण्याची आपल्या लोकांना फार सवय आहे. न्यायालयात पोहोचताच सहायक सरकारी वकिलांना किंवा पैरवीचे काम पाहणाऱ्या पोलिसाला आपण आल्याचे सांगावे, आणि भत्त्याचा अर्ज सकाळीच द्यावा, संध्याकाळी नव्हे. साक्ष संपल्यावर पिंजऱ्यातून खाली उतरण्यापूर्वी न्यायाधीशांना नम्रपणे विनंती करावी. साक्षीदाराने स्वतः तोंडाने मागितले तर आदेश लगेच होण्याचा संभव अधिक असतो. साक्ष न होता तारीख पडली, तर आपली हजेरी रोजनाम्यात लिहिली गेली की नाही हे विचारून घ्यावे. ती नोंद हाच पुढे आधार. पैसे नंतर मिळतील असे सांगण्यात आले, तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. महिना उलटूनही रक्कम आली नाही, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तेथे अर्ज लिहून देण्यास मदत मिळते आणि त्यासाठी फी पडत नाही.

पोलिसांच्या चौकशीच्या वेळचाही एक मुद्दा आहे. नव्या संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी त्यांच्या राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे बोलावता येत नाही. ती स्वखुशीने आली तर गोष्ट वेगळी. इतरांना बोलावले तर त्यांच्या वाजवी खर्चासाठी राज्य शासनाला नियम करता येतात. ठाण्यातून निरोप आला की म्हातारा माणूस काठी टेकत निघतो, ते पोलीस पाटलांनी थांबवावे.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झाली. जो तंटा गावात मिटला त्याला साक्षीदारही लागत नाही आणि भत्ताही लागत नाही, हे खरे. पण प्रत्येक गुन्हा मिटविण्याजोगा नसतो, आणि तसा मिटवूही नये. तेव्हा समितीच्या सदस्यांनी आपल्या वहीत एक पान साक्षीदारांसाठी ठेवावे : कोण, कोणत्या खटल्यात, किती वेळा गेला, साक्ष झाली की तारीख पडली, भत्ता केव्हा मिळाला. अशी पाच-पन्नास गावांची पाने एकत्र आली तर ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापुढे आणि शासनापुढे ठेवता येतील. आजवर या विषयावर जे बोलले गेले ते बहुतेक परराज्यांच्या आणि जुन्या आकड्यांवरून; खंडाळा तालुक्याचे आकडे आपल्याजवळ असावेत.

भत्त्याच्या अर्जाचा साधा मराठी नमुना मी तयार करून आणला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या गावात या महिन्यात कोणाला समन्स आले असेल, त्यांनी सभा संपल्यावर थोडे थांबावे. न्यायालयाचे नाव, खटल्याचा क्रमांक आणि तारीख येथेच भरून देता येईल.